पाऊस पाहून छप्पर

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याहून राजूर, राजूरहून शेंडी आणि भंडारदऱ्याच्या पाण्याला वळसा घालून घाटघर. रस्ता साठेक किलोमीटरचा, तालुका एकच, पण पावसाच्या बाबतीत ही दोन टोकं आहेत. अकोले शहरात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तर वर्ष बरं गेलं म्हणायचं. घाटघर-रतनवाडीकडे जोराचा पावसाळा पाच हजार मिलिमीटरच्याही पुढे जातो. हे आकडे छपरावर आणून पाहिले की त्यांचा अर्थ कळतो. घरकुल योजनेतल्या घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. एवढ्याच छपरावर अकोल्यात वर्षभरात चौदा हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं, आणि घाटघरला सव्वा लाख लिटर. दहा-बारा टँकर पाणी एका लहानशा घराच्या डोक्यावर, तेही चार महिन्यांत, वाऱ्यासकट.

तरीही आज दोन्ही गावांत नवं घर म्हटलं की एकच चित्र डोळ्यांपुढे येतं: चार भिंती, वर सपाट स्लॅब, कडेनं कठडा, कोपऱ्यात काळी टाकी आणि वरच्या मजल्याच्या आशेनं उभ्या ठेवलेल्या सळया. त्यामागची इच्छा मी मनापासून समजू शकतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी जन्म गवताखाली काढला, दर पावसाळ्यात गळतीखाली भांडी मांडली, त्यांना डोक्यावर पक्कं काही हवं असतं आणि ते मिळायलाच हवं. पण घराचा रंग, दार, खिडकी शेजाऱ्याचं पाहून ठरवली तरी चालतं. छप्पर मात्र आपल्या गावचा पाऊस पाहून ठरवावं लागतं. ठरल्यानंतरही गाठ पाण्याशीच पडते. काँक्रीट कालवताना किती पाणी, ओतल्यावर किती दिवस पाणी, आणि पुढची पन्नास वर्षं वर पडणारं पाणी जाणार कुठून. घर लिंटलच्या वर आलं की गवंडी, सेंट्रिंगवाला, लोखंड बांधणारा, सिमेंटचा दुकानदार, जो तो आपापलं सांगतो. त्या सगळ्या सांगण्यातला पाण्याचा धागा धरून आपण छपरापर्यंत जाऊ.

जुन्या घरांनी हा हिशेब कधीच करून ठेवला होता. पश्चिमेकडच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांवर कारवीच्या काठ्यांचे कुड, त्यांवर शेणमातीचा गिलावा आणि वर गवताचं उतरतं छप्पर. गवत पाणी अडवतं असा समज आहे, पण प्रत्यक्षात ते पाणी घसरवतं. थेंब एका काडीवरून खालच्या काडीवर जातो आणि आत मुरायच्या आधी वळचणीला पोचतो. त्यासाठी उतार पंचेचाळीस अंशांच्या आसपास लागतो. उतार कमी झाला की थेंब रेंगाळतो, गवत ओलं राहतं आणि कुजतं. वळचण भिंतीच्या दोन-तीन फूट पुढे काढायची, म्हणजे पागोळ्या जोत्याच्या मुळाशी पडत नाहीत. पावसाच्या तोंडच्या भिंतीला पेंढ्याचा आडोसा करायचा. चुलीचा धूर माळ्यातून वर जायचा, वाशांवर काजळी धरायची आणि लाकडाला कीड लागायची नाही. यातली एकही गोष्ट शोभेची नव्हती.

मग कौलं आली. आधी कुंभारानं थापलेली नळीची, नंतर मंगलोरी. बाझेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरला या कौलांचा पहिला कारखाना काढला. एका कौलाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते, ही त्यातली खरी युक्ती. त्यामुळे नळीच्या कौलांच्या दुहेरी थराची गरज उरली नाही, वजन घटलं आणि तीसेक अंशांच्या उतारावरही पाणी आत येईना. चौरस मीटरला पंधराच्या आसपास कौलं लागतात. त्यांचं वजन चाळीस किलोच्या आतबाहेर भरतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उलट दिशेला, अहिल्यानगर जिल्ह्याच्या कोरड्या पठारावर आणि पुढे मराठवाड्यात, धाब्याची घरं होती. तुळयांवर लाकडं, त्यांवर पाला-काटक्या आणि वर जाड मातीचा सपाट थर. पाऊस कमी, ऊन जास्त, म्हणून दुपार अडवणारी माती. सपाट छप्पर ही कमी पावसाच्या मुलखाची गोष्ट आहे, ही साधी बाब आपण स्लॅबच्या नादात विसरलो.

जुनी छपरं गेली ती काही माणसं आळशी झाली म्हणून नाही. दर मे महिन्यात शाकारणी करायची तर घरचे-भावकीतले आठ-दहा हात लागतात, आणि ते हात आता मजुरीसाठी नारायणगावकडे, संगमनेरकडे गेलेले असतात. गवताचं रान कमी झालं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं, आणि आपल्याच मालकीतलं सागाचं झाड तोडायलाही परवानगी लागते. वासे-तुळयांचा भाव स्लॅबच्या लोखंडाशी स्पर्धा करू लागला. मग सोपा रस्ता उरला तो पत्र्याचा.

पत्रा स्वस्त, हलका आणि एका दिवसात चढणारा. उन्हाळ्यात त्याखाली बसवत नाही आणि आषाढात बोललेलं ऐकू येत नाही, हे दोन दोष सगळ्यांना माहीत आहेत. तिसरा दोष वाऱ्याचा, तो कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि पुणे, नगर, नाशिककडे सरकलं. समुद्रापासून इतक्या आत राहणाऱ्यांनाही तेव्हा पत्रे उडणं म्हणजे काय ते दिसलं. वारा पत्र्याला खाली दाबत नाही, वर ओढतो. उतरत्या छपरावरून जोरात वाहताना तो वरच्या बाजूला ओढ निर्माण करतो आणि उघड्या पडवीतून आत शिरलेला वारा खालून ढकलतो. दगड ठेवून ही ओढ थांबत नाही. पत्रा पाइपाला हुकनं, पाइप भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात गाडलेल्या बोल्टनं आणि तो पट्टा खालच्या भिंतीला, अशी साखळी अखंड असावी लागते. यातला एक दुवा कच्चा असला की बाकीचे निरुपयोगी. वळचणीच्या आणि आढ्याच्या रांगेत हुक दुप्पट लावावेत, कारण वाऱ्याची ओढ तिथे सर्वांत जास्त असते. आणि सिमेंटचे जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे घरावर नकोतच. ते कापताना-फुटताना उडणारी धूळ फुप्फुसांत जाऊन बसते.

आता स्लॅब. त्याचं शास्त्र समजून घ्यायला रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर बरं. घाटाखालून चढलेला पाऊस शेकडो वर्षं अंगावर घेत हे दगडी काम उभं आहे. आत गेल्यावर खांब किती जवळजवळ आहेत ते पाहा. कारागिराला मोकळी जागा नको होती असं नाही. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. लांब दगडी तुळई दोन खांबांवर ठेवली की तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो, आणि ती खालून तडकते. म्हणून खांब जवळ, तुळया आखूड, आणि छताला एकापुढे एक सरकत जाणारे दगडांचे थर.

काँक्रीट या बाबतीत दगडाचंच भाऊबंद आहे. त्याची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. ही उणीव लोखंडानं भरून काढायची हे एकोणिसाव्या शतकात सुचलं. जोसेफ मोनिए या फ्रेंच बागकाम करणाऱ्यानं काँक्रीटच्या कुंड्यांत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ मध्ये पेटंट घेतलं. तिथपासून आपल्या दहा बाय बाराच्या खोलीपर्यंत तत्त्व तेच आहे: जिथे ताण, तिथे लोखंड.

म्हणून सळया स्लॅबमध्ये नेमक्या कुठे आहेत यावर सगळं अवलंबून असतं. खोलीच्या मधोमध ताण खालच्या बाजूला असतो, तेव्हा सळई खाली हवी. भिंतीवर किंवा बीमवर, जिथे स्लॅब पुढच्या खोलीत जातो, तिथे ताण वर येतो, म्हणून तिथली सळई वर हवी. छज्जा एका बाजूनं धरलेला आणि दुसरीकडे अधांतरी, त्यामुळे त्याचा सगळा ताण वरच्या बाजूला. आणि नेमकं इथेच घात होतो. लोखंड बांधणाऱ्यानं छज्ज्याची सळई बरोबर वर बांधलेली असते. स्लॅबच्या दिवशी घमेली घेऊन माणसं तिच्यावरून चालतात, सळई वाकते आणि खालच्या सेंट्रिंगच्या प्लेटला टेकते. वरून माल पडला की काही दिसत नाही. सेंट्रिंग काढल्यावर तो छज्जा काही दिवस उभाही राहतो. पुढे कधीतरी त्यावर कुणी उभं राहतं. लोखंड मोजमापानं पुरेसं होतं, पैसे पुरते खर्च झाले होते, फक्त ते चार इंच खाली होतं. खाली टेकलेली सळई वर उचलून खाली आधार, ज्याला चेअर म्हणतात, तो लावायला दोन मिनिटं लागतात. मालकानं स्लॅबच्या दिवशी दुसरं काही पाहिलं नाही तरी चालेल, पण छज्ज्यापाशी उभं राहून हे पाहावं.

प्लेट आणि सळई यांच्यात किमान वीस मिलिमीटर अंतर ठेवायला सिमेंटचे कव्हर ब्लॉक लावतात. त्यांच्या जागी खडी किंवा फरशीचा तुकडा सरकवायची सवय सर्रास आहे. तो सरकतो आणि सळई उघडी पडते. घाटाकडच्या दमट हवेत उघडी सळई गंजते, गंजलेलं लोखंड फुगतं आणि खालचा गिलावा खपल्या धरून पडतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या अनेक स्लॅबांना आज खालून लोखंड दिसतं, त्याचं मूळ त्या एका दिवसात आहे.

वजनाचा मुद्दा याहून गंभीर. काँक्रीट घनमीटरला अडीच हजार किलो भरतं. पाच इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर, कौलारू छपराच्या सात-आठपट. २५ चौरस मीटरच्या घरावर पावणेआठ ते आठ टन. काँक्रीटचे कॉलम आणि बीम असतील, किंवा सिमेंटमध्ये बांधलेल्या जाड भिंतींवर सलग पट्टा असेल, तर हे वजन नीट खाली जातं. पण जुन्या दगड-मातीच्या भिंती तशाच ठेवून वरचं कौल काढून स्लॅब टाकायचा विचार कुणी करत असेल, तर त्यानं ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट आठवावी. तिथे मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर जड मातीचं छप्पर होतं. भिंती सुटल्या आणि छपरानं झोपेतल्या हजारो माणसांचे जीव घेतले. जड छप्पर कच्च्या भिंतीवर ठेवणं ही जिवाशी गाठ आहे. ज्याच्या भिंती जुन्या आहेत त्यानं हलकं छप्परच करावं, आणि त्यात कमीपणा मानू नये.

पैशाची गोष्टही इथेच येते, कारण घर अडतं ते बहुतेक वेळा लिंटलच्या वर. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांत, घराचे फोटो जागेसह नोंदवल्यावर. मजुरीसाठी रोजगार हमीतून नव्वद दिवसांची जोड आणि शौचालयासाठी वेगळे पैसे. आदिवासी कुटुंबांसाठी राज्याची शबरी आवास योजना आहे. २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्यांना पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत द्यायचं ठरलं. तरी स्लॅबचा खर्च एकदम येतो. लोखंड, सिमेंट, सेंट्रिंगचं भाडं, मिक्सर, मजूर, सगळं एकाच आठवड्यात. हप्ता उशिरा आला की माणूस उसनवारी करतो किंवा सिमेंट कमी करतो. उसनवारी फेडता येते.

स्लॅब सक्तीचा आहे असं पुष्कळांना वाटतं. योजनेला पक्कं छप्पर हवं असतं, सपाटच हवं असं नाही. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानं ‘पहल’ नावाचा घरांच्या नमुन्यांचा संग्रहच काढला आहे, त्यात त्या त्या भागाच्या हवामानाप्रमाणे आणि स्थानिक सामानातून घरं कशी बांधावीत ते दाखवलं आहे. ग्रामपंचायतीत तो मागून पाहायला हरकत नाही.

मग स्लॅब कधी टाकायचा? आपल्याकडे मार्च ते मे हा हंगाम ठरून गेला आहे, कारण पावसाच्या आत घर झाकायचं असतं. घाटाकडच्या गावांसाठी मला हा हंगाम चुकीचा वाटतो. एप्रिलमध्ये स्लॅब टाकला की पुढचे चौदा दिवस त्याला पाणी पाजायचं असतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत या गावांतल्या बायका हंड्यासाठी उतार उतरत असतात. धरण उशाला आणि घसा कोरडा, अशी तिथली उन्हाळ्याची गत. स्लॅबवर दोन इंच पाणी उभं करायचं तर २५ चौरस मीटरला साडेबाराशे लिटर लागतं. वर रोज सहा-आठ मिलिमीटर उन्हानं जातं, म्हणजे दीड-दोनशे लिटर. गळती वेगळी. चौदा दिवसांत चार हजार लिटर सहज. पिण्याचं पाणी नसताना घरावर चार हजार लिटर कोण ओतणार? मग दोन दिवस पाणी मारतात आणि सोडून देतात.

भातकाढणी उरकली, खळी झाली, की मार्गशीर्ष-पौषात ओहोळ अजून वाहते असतात, विहिरी भरलेल्या असतात, ऊन सौम्य असतं आणि भावकीतली माणसं मजुरीला बाहेर पडायच्या आधी गावात असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतचा हा काळ घाटाकडच्या स्लॅबसाठी उत्तम. त्यासाठी जोतं आणि भिंती त्याआधीच्या उन्हाळ्यात उरकून, पावसाळाभर भिंतींची डोकी प्लास्टिकनं झाकून ठेवावी लागतील. घर सहा महिने लांबतं, पण स्लॅबला पाणी मिळतं.

स्लॅबचा दिवस पहाटेच सुरू होतो. नारळ फुटतो, मिक्सर धडधडू लागतो, घमेली हातोहात वर जातात. मिक्सरपाशी एक माणूस पाण्याची बादली घेऊन उभा असतो, आणि त्या घराचं भवितव्य बरंचसं त्याच्या हातात असतं. सिमेंटच्या पन्नास किलोच्या पोत्याला पंचवीस ते सत्तावीस लिटर पाणी पुरतं; वाळू ओली असेल तर त्याहून कमी. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी लागतं ते याच्या निम्मंच. उरलेलं माल हलावा म्हणून. वरून आवाज येतो, “माल पातळ सोड!” पातळ माल लवकर पसरतो, हात दुखत नाहीत. बादली कलंडते आणि पोत्याला चाळीस लिटर होतात. हे जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. शिकागोच्या डफ एब्रम्स यांनी १९१८ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिलं की काँक्रीटची ताकद प्रामुख्यानं पाणी आणि सिमेंटच्या प्रमाणावर ठरते. पंचवीसचे चाळीस लिटर केले तर ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते. सिमेंट तेच, खडी तीच, खर्च तोच. मापाची एक बादली ठरवून तिच्यावर रंगानं रेघ मारा आणि घरातला एक माणूस दिवसभर तिथे बसवा. घरची शाळकरी मुलगीही हे काम चोख करते, आणि तिचं कुणी ऐकत नसेल तर तुम्ही तिच्या पाठीशी उभे राहा.

घमेल्यातला माल कलता केल्यावर ढिगासारखा सरकावा, पाण्यासारखा वाहू नये. घट्ट माल बसवायला व्हायब्रेटर लागतो. त्याची सुई उभी घालायची, बुडबुडे थांबले की सावकाश काढायची आणि पुढच्या जागी जायचं. मालाचे ढीग सुईनं ढकलत नेऊ नयेत, त्यानं खडी एकीकडे आणि रस एकीकडे होतो. कालवलेला माल अर्ध्या तासात जागी पडला पाहिजे. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो ‘जिवंत’ करता येत नाही. स्लॅब एका दमात पुरा करायचा. अर्ध्यात मिक्सर बंद पडला आणि दुसऱ्या दिवशी उरलेला भाग ओतला, तर दोन्हींच्या मध्ये एक सांधा राहतो, आणि पुढच्या आषाढात पाणी बरोबर त्याच रेषेतून उतरतं. वाळूत माती किती हे आदल्या आठवड्यात बाटलीत वाळू आणि पाणी हलवून पाहावं. वर बसलेला गाळाचा थर जाड दिसला तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नये. खडीची काळजी अकोल्यात फारशी करावी लागत नाही, इथला काळा पाषाण भक्कम आहे.

संध्याकाळी सगळे जेवायला बसतात, काम झालं असं वाटतं. काँक्रीटचं काम मात्र तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं. ते वाळून कडक होत नाही, ओलं राहून कडक होतं. सिमेंट आणि पाण्याची क्रिया आठवडे चालते आणि पाणी संपलं की थांबते. दुसऱ्या दिवशी मातीची किंवा सिमेंटची बारीक आळी करून पाणी उभं करायचं. ‘आयएस ४५६:२०००’ हे भारतीय मानक साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओलावा सांगतं. राखमिश्रित पीपीसी सिमेंटला, जे आज बहुतेक दुकानांत मिळतं, किमान दहा, आणि चौदा दिवस ठेवावं अशी शिफारस करतं. पाणी तुटपुंजं असेल तर ओली पोती आणि वर प्लास्टिक अंथरावं. उन्हानं जाणारं पाणी वाचतं.

खालच्या टेकूंचीही घाई नको. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, भाडं चढत असतं. त्याच मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबखालचे चौदा दिवस काढायचे नाहीत. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे चौदा. हे किमान आहे, आणि पीपीसी हळू ताकद धरतं, म्हणून थंडीत आणखी काही दिवस द्यावेत. छज्ज्याचे टेकू सर्वांत शेवटी.

आता पुन्हा पावसाकडे. अकोले, कळस, कोतूळच्या बाजूला सपाट स्लॅब चांगला चालतो, पण सपाट म्हणजे पातळीत नव्हे. दहा फुटांना किमान दीड-दोन इंच उतार एका बाजूला हवा, आणि पाणी जायच्या पाइपाचं तोंड पुरेसं रुंद. वरचा वीटकोबा नीट केला तर टिकतो, मात्र तोही चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलो भरतो. ते वजन अभियंत्याला आधी सांगितलेलं असलं पाहिजे. घाटघर, रतनवाडी, पांजरे, साम्रद या पट्ट्यात सपाट स्लॅब टाकून त्यावर कठडा बांधणं म्हणजे डोक्यावर तळं बांधणं. पाला येऊन पाइप बुजतो, शेवाळ धरतं, पाणी दिवसच्या दिवस उभं राहतं. म्हणून तिथे बरीच माणसं काही वर्षांनी स्लॅबवर पत्र्याचं शेड चढवतात, म्हणजे एका घराला दोन छपरांचा खर्च. तिथे पहिल्यापासूनच दोन पर्याय धरावेत. एक, उतरता स्लॅब, वळचण भिंतीच्या दोन फूट पुढे, कठडा नाही. उतार वीस अंशांच्या आसपास ठेवला तर माल घसरत नाही आणि पाणीही थांबत नाही. दोन, भक्कम भिंतींवर सलग पट्टा, त्यावर लोखंडी कैच्या आणि मंगलोरी कौलं किंवा जाड पत्रा, खाली बांबूच्या चटईचं छत. दुसरा पर्याय वजनानं हलका, पाण्याला सरस आणि चार माणसांनी दुरुस्त होणारा. माझं मत विचाराल तर घाटाकडे मी तोच करीन.

छप्पर उतरतं असेल तर पाणी एका रेषेत वळचणीला येतं, आणि ते धरून ठेवणं सोपं जातं. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला चाळीस लिटर धरलं, तर फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत चार महिन्यांना चार हजार आठशे लिटर लागतं. पाच हजार लिटरची टाकी २५ चौरस मीटरच्या छपरावर २०० मिलिमीटर पाऊस झाला की भरते. अकोल्यात त्याला पावसाळ्याचा बराच भाग लागेल, रतनवाडीत जुलैचे थोडे दिवस. टाकी बंद आणि अंधारी ठेवावी, नाहीतर शेवाळ आणि डास होतात. पन्हाळीच्या पाइपाला टाकीच्या आधी एक वेगळी फांदी आणि कॉक द्यावा, म्हणजे पहिल्या पावसाचं धूळ-पाल्याचं पाणी बाहेर सोडता येतं. पन्हाळीचे हुक कैचीला किंवा स्लॅबच्या कडेलाच बसवायचे असतात, तेव्हा ही जागा ठरवायची ती गिलाव्याच्या आधी, सेंट्रिंग उतरायच्या आठवड्यात.